शाळेतले शनिवारचे कोर्स: मागाचा घ्या, रोबोटचा राहू द्या

आमच्या हॉलमध्ये किल्ल्या अडकवायच्या खिळ्याला सध्या एक सुती पट्टी लोंबते आहे. खाली वीतभर रुंद, मधे दोन्हीकडून दोन-दोन बोटं आत गेलेली, वर पुन्हा वीतभर. पाहुणे विचारतात, हे काय? थोरलीने विणलंय म्हटलं की "छान आहे की" म्हणतात आणि चहाकडे वळतात. या पट्टीचे मी सातशे रुपये मोजलेत आणि पैसे वसूल झाले असं माझं मत आहे. कसे, ते लिहितो. याच शाळेत मी आणखी अठराशे रुपयेही मोजले, ते पाण्यात गेले, तेही लिहितो.

शाळा सोलापुरातली, विजापूर रोडच्या बाजूची. नाव लिहीत नाही, दोन्ही पोरं अजून तिथेच आहेत. दिवाळीनंतर शाळेने शनिवारचे छोटे कोर्स सुरू केले: विणकाम, नैसर्गिक रंग, शाडूची माती आणि रोबोटिक्स. प्रत्येकी सहा शनिवार, सकाळी नऊ ते अकरा, एका बॅचला सोळा मुलं. जाहिरातीच्या पत्रकावर २०२० च्या शैक्षणिक धोरणातल्या 'दप्तराविना दहा दिवसां'चा उल्लेख मोठ्या अक्षरात होता. धोरणातले ते दहा दिवस सहावी ते आठवीच्या सगळ्या मुलांसाठी आहेत. इथे फी भरेल त्यालाच प्रवेश. थोरलीच्या वर्गातल्या निम्म्या मुली म्हणून आल्याच नाहीत. पत्रकावर धोरणाचं नाव छापलंय, तर शाळेने याचाही विचार करावा.

थोरली सातवीत, तिला विणकाम आणि रंगकाम. धाकटा चौथीत, त्याला माती आणि रोबोट.

विणकामावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण तो आमच्या घरातला विषय आहे. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. आबा, म्हणजे माझे वडील, बत्तीस वर्षं यंत्रमागावर होते. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले. आजही त्यांच्याशी बोलायचं तर शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढा आवाज लावावा लागतो. आपल्या पोरांनी कारखान्याचा उंबरा ओलांडायचा नाही, हा त्यांचा नियम. लहानपणी डबा द्यायला गेलो तरी मी बाहेरच उभा. आणि आता त्यांच्या नातीला तेच काम शिकायला मी पैसे भरून पाठवतोय, हे त्यांना सांगायची माझी दोन आठवडे छाती झाली नाही.

शिकवायला एक मास्तर येतात. साठी ओलांडलेले, जन्म हातमागावर गेलेला. मराठीत सुरू केलेलं वाक्य तेलुगूत संपवतात आणि वर्गात कुणाचंच काही अडत नाही, सोलापूरच आहे शेवटी. प्रत्येक मुलाला एक लाकडी चौकट, तिच्या वरच्या-खालच्या पट्टीवर ओळीने ठोकलेले खिळे, आणि कारखान्यातलं उरलेलं सूत. फणीऐवजी स्वयंपाकघरातला काटा. पहिला अख्खा शनिवार ताणा, म्हणजे उभे धागे, बांधण्यात गेला. व्हॉट्सॲप ग्रुपवर पालकांची कुरकुर सुरू झाली, दोन तासांत मुलांनी काहीच बनवलं नाही, फोटो कुठे आहेत? मला मात्र तिथेच मास्तर पटले. ताणा एकसारखा ताठ नसेल तर पुढचं सगळं वाया, हे ज्याला माहीत आहे तो पहिल्या दिवशी फोटोसाठी घाई करणार नाही. सैल ताणा त्यांनी तीन मुलांचा सोडवून परत बांधायला लावला. त्यातली एक आमची.

दुसऱ्या शनिवारी ती चौकट घरी घेऊन आली आणि गोष्ट फुटलीच. आबा खुर्चीत बसले होते. काही बोलले नाहीत. चौकट मांडीवर घेतली, रंग बघितले नाहीत, नक्षी बघितली नाही, डोळे मिटून अंगठा काठावरून खालून वर फिरवला. मग म्हणाले, "काठ आत यायलाय. बाणा लई ओढायलीस तू."

बाणा म्हणजे आडवा धागा. तो सरळ ओढून घातला की ताण्याच्या खालून-वरून जाताना कमी पडतो आणि काठाचे धागे आत खेचतो. म्हणून तो कमानीसारखा सैल ठेवायचा आणि मग ठोकायचा. एवढी साधी गोष्ट, पण कापडाच्या धंद्यात वीस वर्षं हिशेब लिहून मला ती माहीत नव्हती. आबांनी बोटाने कमान दाखवली. पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी तिला तुटलेला धागा सांधायची गाठही दाखवली, ती इतकी झटकन की तिने सहा वेळा परत करून घेतली. पट्टी मधून वर पुन्हा रुंद होत गेली आहे ना, ती त्या संध्याकाळपासून. तिसऱ्या शनिवारी मास्तरांनी ती गाठ बघितली आणि विचारलं म्हणे, "कुठल्या कारखान्यात होते आजोबा?" गाठ कुणी शिकवली हे विचारलंच नाही, बघूनच ओळखलं.

चौथ्या शनिवारी मास्तर नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागाची जुनी कार्डं घेऊन आले. एकमेकांना शिवलेली, भोकं पाडलेली जाड पुठ्ठ्याची माळ. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, भोक नसेल तिथला खाली राहतो, आणि मधून आडवा धागा नेणारा धोटा जातो. बस एवढंच. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमाराला ही युक्ती मागावर बसवली आणि पुढे कितीतरी वर्षं हिशेबाच्या यंत्रांना आणि सुरुवातीच्या संगणकांना अशीच भोकांची कार्डं भरवत होते. मुलांनी आलेख वहीत चौकोन काळे करून आपापली नक्षी काढली: काळा म्हणजे भोक. थोरलीने मोर काढला, तो बदकासारखा झाला. पण घरी आल्यावर तिने पांघरायची चादर उलटी-सुलटी केली, पुढच्या बाजूचा लाल मोर मागे पांढरा का होतो ते तिचं तिने शोधलं, आणि रात्री दहा वाजता आम्हाला उठवून समजावलं. सोलापुरात जन्म काढून ज्या चादरीखाली झोपलो, ती मी अशी पहिल्यांदाच बघितली.

रंगकामही चांगलं, फी सहाशे. मांजरपाटाचे रुमाल आधी उकळून खळ काढायची, मग तुरटीच्या पाण्यात, मग रंगात. रस काढणाऱ्याच्या गाड्यावरून आणलेल्या डाळिंबाच्या साली, मार्केट यार्डातून गोणीभर कांद्याच्या साली, हळद. डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग हिराकसाच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या, पाण्यात बुडवला की डोळ्यांदेखत काळपट मेंदीसारखा होतो, आणि हळदीचा रुमाल सोड्याच्या पाण्यात लाल, लिंबू पिळलं की परत पिवळा. या लिंबावर पोरांनी फारच वेळ घालवला आणि शिकवणाऱ्या बाईंनी घालवू दिला. हळदीचा रंग उन्हात उडतो हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. थोरलीने खात्री करायला एक रुमाल गच्चीवर ठेवलाच, दोन दिवसांत रंग गेला.

मला सगळ्यात आवडला तो पाण्याचा हिशेब. आमच्या भागात नळाला पाणी चार दिवसांआड. बाईंनी तीन बादल्या लावल्या: पहिली सगळ्यात गढूळ, रुमाल तिच्यात पहिल्यांदा, मग दुसरीत, मग तिसरीत, आणि पहिलीतलं पाणी शेवटी झाडांना. सोळा मुलांचे रुमाल तेवढ्यात निघाले. हिराकसाची बादली तेवढी झाडांपासून लांब ठेवली होती.

खटकलं ते असं, की पेटत्या शेगडीभोवती सोळा पोरं आणि मोठं माणूस एकच. हातमोजे नाहीत. हिराकसाचे डाग थोरलीच्या गणवेशावर आहेत ते कायमचेच. जुना ड्रेस घालून पाठवा हे आदल्या दिवशी ग्रुपवर टाकायला काय हरकत होती?

मातीच्या कोर्सबद्दल फार काही नाही. पाचशे रुपये. शाडू चांगली होती, बैल आणि पणत्या केल्या, मग वाळायला गच्चीवर भर उन्हात ठेवल्या आणि सोमवारपर्यंत सगळ्या बैलांना भेगा. जानेवारीतलं असलं तरी ते सोलापूरचं ऊन. सावलीत, ओल्या फडक्याखाली सावकाश वाळवायचं असतं, हे कुठलाही गणपतीवाला सांगेल.

आता अठराशे रुपयांचं. रोबोटिक्स. बाहेरची माणसं येतात, प्रत्येक टेबलावर एक डबा. डबा उघडायचा, चित्रात दाखवलं तसं खटाखट बसवायचं, गाडी चालते, टाळ्या, व्हिडिओ, गाडी सुटी करून डबा परत. सहाही शनिवार हेच, फक्त गाडीच्या जागी कधी पंखा तर कधी क्रेन. तिसऱ्या वेळी धाकट्याने विचारलं, "सर, ही तार उलटी लावली तर?" सर म्हणाले, नको, किट खराब होईल.

मी नवी पेठेतून चाळीस रुपयांची छोटी मोटर आणि दोन सेल आणले. तार उलटी लावली. मोटर उलटी फिरली. खराब काही झालं नाही. पोरगं संध्याकाळभर तार उलट-सुलट करत बसलं होतं, मग मोटरला बाटलीचं झाकण चिकटवलं, मग त्यावर रंगाचा थेंब टाकला आणि भिंत रंगवली. भिंतीवरून बोलणी मी खाल्ली. तरी अठराशेपेक्षा स्वस्त.

शेवटच्या शनिवारी प्रदर्शन. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्ट्यांमुळे ते एक आठवडा पुढे गेलं, ते ठीक, निरोप मात्र आदल्या रात्री साडेदहाला आला. प्रदर्शनात विणकामाच्या टेबलावर सहाच पट्ट्या, सगळ्या सरळ काठाच्या. चौकशी केल्यावर कळलं की 'निवडक' ठेवल्यात, आणि त्यातल्या काहींचे काठ आदल्या दिवशी मोठ्यांनी नीट करून घेतलेत. आमची वाकडी पट्टी कपाटात होती. मी मागून घेतली. आबा काठी टेकत आले होते. त्यांनी टेबलावरच्या एका सरळ पट्टीच्या काठावर अंगठा फिरवला आणि माझ्या कानाशी, म्हणजे त्यांच्या मते कानाशी, म्हणाले, "हे पोराचं नव्हं." अर्ध्या हॉलने ऐकलं.

प्रमुख पाहुण्यांना शाल-श्रीफळ झालं. मास्तर शेवटच्या रांगेत बसले होते, त्यांचं नाव सूत्रसंचालनात आलं नाही. शाळेच्या बाईंना मी हे बोलून दाखवलं. "पुढच्या वेळी नक्की," म्हणाल्या. बघू.

कुणी विचारलंच तर: विणकाम डोळे झाकून घ्या, पण पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी, लहान हातांना ताणा बांधायला जड जातं. रंगकाम घ्या, जुने कपडे घालून पाठवा आणि शेगडीपाशी कोण असणार ते आधी विचारा. माती घरीच करा. रोबोटच्या पैशात नवी पेठेत पोराला एक चक्कर मारून आणा.

फॉर्म ऑफिसमध्ये दुपारी बारापर्यंतच मिळतो, फी रोख घेतात, पावती मागावी लागते. कात्री घरून द्या. शाळेच्या कात्र्यांनी कागदसुद्धा कापला जात नाही.