मायनर कॉर्ड्सचा ऑनलाइन कोर्स घेतला, त्यातल्या मायनर मेजर सेव्हनबद्दल

हा पूर्ण कोर्सचा रिव्ह्यू नाहीये. मायनर कॉर्ड्सवरचा (कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम वाजवणं) व्हिडिओ कोर्स आहे आणि मी तो फक्त मायनर मेजर सेव्हनच्या भागासाठी घेतला, कारण मायनर सेव्हन, मायनर सिक्स वगैरे कुठेही फुकट शिकायला मिळतं आणि इथेही ते तसंच ठीकठाक आहे. नाव मुद्दाम टाकत नाही, खाली तक्रारी आहेत.

ज्यांना ही कॉर्ड माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. सी, ई फ्लॅट, जी हा साधा सी मायनर, त्यावर बी फ्लॅट न लावता सरळ बी लावायचा. सरगममध्ये सा, कोमल ग, प आणि शुद्ध नी. किरवाणी, पटदीप ऐकलेल्या कानाला कोमल ग आणि शुद्ध नी एकाच घरात राहतात याचं काही नवल नाही, फक्त तिथे ते सवडीने एकेक करून भेटतात आणि इथे चौघं एकदम दारात उभे, म्हणून पहिल्यांदा वाजवल्यावर काहीतरी चुकलं असंच वाटतं.

आता कोर्स. उतरत्या लाइनचा व्हिडिओ अप्रतिम आहे, खरंच. ए मायनर, ए मायनर मेजर सेव्हन, ए मायनर सेव्हन, ए मायनर सिक्स, एवढ्या चार कॉर्ड्स, आणि आतून एकच सूर ए, जी शार्प, जी, एफ शार्प असा पायरी पायरीने खाली येतो. गिटारवर ओपन ए मायनर धरा, तिसऱ्या तारेवरचं बोट दुसऱ्या फ्रेटवरून (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरचे घर) पहिल्यावर आणा, मग तार मोकळी सोडा, झालं. चौथ्या कॉर्डला बहुतेक चार्ट पहिल्या तारेचा दुसरा फ्रेट दाबायला सांगतात, पण त्याने एफ शार्प एकदम वर उडतो आणि लाइन तुटते. हा सर मात्र तिसरी तार परत दुसऱ्या फ्रेटवर घेऊन करंगळी चौथ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर ठेवायला लावतो, म्हणजे लाइन खालीच जात राहते. करंगळीला जरा ताण पडतो पण ऐकायला जे मिळतं ना, वा. माय फनी व्हॅलेंटाइन या 1937 च्या गाण्याची सुरुवात याच चार कॉर्ड्सच्या उतरत्या क्रमावर आहे, फक्त सी मायनरमध्ये, ते त्याने वाजवून दाखवलंय.

यानंतर मात्र गाडी घसरते. पुढचा सगळा वेळ 'भीतीची कॉर्ड', 'गुप्तहेराची कॉर्ड' यातच जातो. हिचकॉकच्या 1960 च्या सायको सिनेमाच्या संगीतात बर्नार्ड हरमनने सुरुवातीलाच ही कॉर्ड लावली आणि तिला हिचकॉक कॉर्ड असं नाव पडलं, जेम्स बाँड थीमच्या शेवटी गिटारवर जी वाजते ती हिचीच बहीण, ई मायनर मेजर नाइन. माहिती बरोबर आहे, पण अहो पुढे काय? जॅझमध्ये हीच कॉर्ड हळू, मऊ वाजवून मायनर गाण्यात घरची कॉर्ड, म्हणजे गाणं जिथे परत येऊन विसावतं ती, म्हणून वापरतात, तिथे ना भीती ना पिस्तूल. ती जागा इथे पाच वाक्यांत उरकलीये. या कॉर्डवर कुठला स्केल, म्हणजे कुठली सुरावळ, वाजवायची असं विचारलं तर उत्तर आलं 'मेलोडिक मायनर', बस्स. चढता मेलोडिक मायनर, ज्यात सहावा सूर पण शुद्ध असतो, आणि हार्मोनिक मायनर, ज्यात तो कोमल असतो, दोन्हीत पहिल्या सुरावर हीच कॉर्ड तयार होते, मग फरक त्या सहाव्या सुरानेच पडतो, हे एका ओळीत सांगता आलं असतं की.

कीबोर्डवाल्यांची तर निराशाच आहे, सगळं गिटारसाठी. खरं तर कीबोर्डवर ही कॉर्ड जास्त लवकर कळते. डाव्या हाताने सी, उजव्याने ई फ्लॅट, जी, बी. उजव्या हातात जे आहे तो ऑगमेंटेड ट्रायड, म्हणजे तीन सुरांची कॉर्ड, प्रत्येक सुरात चार सेमीटोनचं (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) अंतर. आता उजवा हात अजिबात हलवू नका आणि डाव्या हाताने सीच्या जागी ई वाजवा, मग ए फ्लॅट. तिन्ही वेळा मायनर मेजर सेव्हनच! एका आकारात तीन कॉर्ड्स, आणि कोर्समध्ये याचा उल्लेखही नाही. तसंच, चाल जर कॉर्डच्या मूळ सुरावर थांबली असेल तर त्याच्या लगेच खालचा मेजर सेव्हन्थ (म्हणजे शुद्ध नी) तिला टोचतो, तिथे मायनर सिक्स लावून मोकळं व्हायचं, हेही नाही.

आणि कोर्ससोबतची ती पीडीएफ. छोटा एम (मायनर) आणि मोठा एम (मेजर) मोबाइलवर सारखेच दिसतात, एका पानावर मेजर सेव्हनसाठी त्रिकोणाची खूण, पुढच्या पानावर 'मेज' लिहिलेलं, नवीन माणूस तिथे सरळ साधा मायनर सेव्हन वाजवून पुढे जाईल आणि त्याला कळणारही नाही. सोबत वाजवायला दिलेले बॅकिंग ट्रॅक्स चांगले आहेत, स्पीड कमी करता येतो.

गिटार वाजवत असाल आणि ओपन कॉर्ड्स बसल्या असतील तर घ्या, पण हिचकॉकनंतरचे व्हिडिओ सोडून द्या आणि तेवढ्या वेळात ई मायनरमध्ये चौथ्या तारेवरचं बोट एक फ्रेट मागे घेऊन बघा, बाकी काही बदलायचं नाही, ई मायनर मेजर सेव्हन तयार.