मधल्या फळीतल्या गड्यांसाठी बघा: ‘ड्रॅगन बॉल सुपर’ची शेवटची स्पर्धा

पाचपैकी साडेतीन. त्यातला अर्धा गुण एकट्या यामचाचा, आणि तो या स्पर्धेत नाहीच. त्याचं पुढे सांगतो.

‘ड्रॅगन बॉल सुपर’ या जपानी कार्टून मालिकेचे एकूण १३१ भाग, जपानात जुलै २०१५ ते मार्च २०१८ या काळात दाखवलेले. मी लिहितोय ते भाग ९७ पासून शेवटपर्यंतच्या तुकड्याबद्दल. आठ विश्वं, प्रत्येकाचे दहा पैलवान, आखाडा एकच, आणि जे विश्व हरेल ते पुसून टाकणार. स्पर्धा ४८ मिनिटांची. ती दाखवायला लागले ३५ भाग, म्हणजे तेरा तासांच्या वर. बेळगावकडच्या येळ्ळूरच्या मैदानात एवढ्या वेळात कुस्त्या संपून माणसं घरी जाऊन, जेवून, झोपलीसुद्धा असती.

मी आमच्या गावच्या यात्रेत कुस्तीच्या जोड्या लावायला बसतो. मैदान लहान, येळ्ळूर किंवा आनंदवाडीसारखं नाव नाही, पण काम तेच. एक नंबरची जोड कुणीही लावेल, ती पोस्टरवरच छापलेली असते. कस लागतो तो मधल्या फळीत. दोघांना शेजारी उभं करायचं, खांदे बघायचे, मान बघायची, कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, हे विचारायचं. चाळीस किलोचं पोरगं नव्वद किलोच्या गड्यापुढे ढकललं तर हलगीवालासुद्धा हात थांबवेल. त्यामुळे ही मालिका बघताना माझं लक्ष नायक गोकूकडे कमी आणि बाकीच्यांकडे जास्त असतं. भाचा म्हणतो, ‘मामा, ह्यो क्रिलिन कशाला ठेवलाय अजून?’ प्रश्न बरोबर आहे; क्रिलिन म्हणजे गोकूचा जुना दोस्त, ताकदीत कधीच मागे पडलेला.

मूळ घोळ आधीच्या ‘ड्रॅगन बॉल झेड’ मालिकेत झाला. तिथं ताकद मोजायचं यंत्र आलं. बंदूक घेतलेला शेतकरी ५, आणि थोड्याच दिवसांनी फ्रीझा नावाचा खलनायक स्वतःच्या तोंडानं सांगतो, ५,३०,०००. एकदा आकडा सांगितला की संपलं. क्रिलिननं कितीही घाम गाळला तरी बघणारा मनात वजाबाकी करून बसलेला असतो. त्याच्या आधीच्या जुन्या मालिकेत असं नव्हतं. तिथल्या स्पर्धांत रिंगणाबाहेर पडला की हरला, असा नियम. बाविसाव्या स्पर्धेच्या शेवटी गोकू आणि त्याच्यासमोरचा गडी टिएन, दोघंही वरून खाली येतात. गोकू मध्येच एका गाडीवर आपटतो, जमिनीला आधी टेकतो, आणि टिएन जिंकतो. लहानपणी मला तो निकाल रडीचा वाटायचा. आता वाटतं, लेखक अकिरा तोरियामा यांनी दोन नंबरच्या गड्याला जगायला जागा ठेवली होती ती तिथंच.

आकड्यांनी आणलेल्या त्या दुष्काळातही टिएनचा एक प्रसंग आहे, तो मी परत परत बघतो. सेल नावाचा राक्षस सतरा नंबर नावाच्या यंत्रमानवाला गिळून बसलाय, आता तसल्याच अठरा नंबरच्या मागे आहे. टिएनची त्याच्यापुढे काही गिनती नाही. तो वर आकाशात उभा राहतो, दोन्ही हातांचा चौकोन करतो आणि खाली मारा सुरू करतो. पहिल्या माऱ्यात सेल खड्ड्यात. वर यायला लागला की दुसरा, मग तिसरा. प्रत्येक माऱ्यात टिएनचा जीव थोडा थोडा जातोय. सेलला ओरखडाही नाही, पण तो खड्ड्यातून बाहेरही येऊ शकत नाही, आणि तेवढ्यात अठरा नंबर निसटते. खालून अंग देऊन, मातीला चिकटून वेळ काढणारा गडी ज्यानं बघितलाय त्याला हे सांगायला नको. कुस्ती बरोबरीत सुटली तरी बक्षिसाचे पैसे लोक त्यालाच देतात.

‘सुपर’वाल्यांनी शेवटच्या स्पर्धेत परत तो जुना नियम आणला, हे त्यांचं खरं शहाणपण. उडायचं नाही, हत्यार नाही, जीव घ्यायचा नाही, बाहेर पडला की बाद. लगेच फरक दिसतो. क्रिलिनसमोर येतो आंधळा माजोरा, जो वासावर लढतो. क्रिलिन पायातला बूट काढून फेकतो. त्या वासानं गडी गोंधळतो आणि क्रिलिन त्याला बाहेर घालवतो. हसू येतं, पण डाव अस्सल आहे. आणि मग त्याच भागात, तो आनंदात असताना दुसऱ्या विश्वातला फ्रॉस्ट मागून येऊन त्याला ढकलतो. गोकूच्या विश्वातला पहिला बाद गडी क्रिलिनच. ही मला सरळ बेइमानी वाटते. डाव द्यायचा, टाळी घ्यायची आणि लगेच थट्टा करून घरी पाठवायचं? टिएनचं त्यापेक्षा बरं केलंय: स्वतःची चार शरीरं करून तो लांबून मारा करणाऱ्याला सोबत घेऊन खाली पडतो. गोकूचा साथीदार पिकोलो तर डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यानं घालवला; त्यावर मी बोलत नाही.

भाग १०५ मात्र पैसावसूल. रोशी मास्तर म्हणजे गोकूचे वस्ताद, त्याच्या संघात सगळ्यांत म्हातारे. एकामागून एक तीन गडी घालवतात. एकाला बाटलीत बंद करतात, शेवटच्याला कामेहामेहा या आपल्या जुन्या ऊर्जेच्या माऱ्यानं घालवतात, आणि तिथंच त्यांचं काळीज थांबतं. वस्तादानं पुन्हा लंगोट लावला तर माती कपाळाला लावून बघावं, तसा मी तो भाग बघितला.

शेवट सांगतोय, नको असेल त्यानं हा परिच्छेद सोडावा. उरतो सतरा नंबर, तोच, आता गोकूच्या बाजूनं लढणारा. सगळे म्हणतात, बघा, दुबळा जिंकला. कुठला दुबळा? बेटावर जनावरं राखत बसलेला माणूस एकदम गोकूच्या ताकदवान निळ्या रूपाशी बरोबरी करतो, कशी ते कुणी सांगत नाही. याला आमच्याकडे वजन चोरणं म्हणतात. त्यानं केलेली मागणी, सगळी पुसलेली विश्वं परत आणायची, ती मात्र मनापासून आवडली.

आता यामचा. पूर्वी एका बारक्या हिरव्या प्राण्यानं मिठी मारून स्फोट केला आणि हा मेला, तेव्हापासून चेष्टेचा धनी. या स्पर्धेत तर त्याला कुणी बोलावलंसुद्धा नाही. पण भाग ७० बघा. दोन विश्वांत बेसबॉलचा सामना ठरतो. नियम नीट माहीत असलेला आणि खेळून पोट भरणारा गडी एकटा यामचा. दोन्ही विश्वांचे देव एकमेकांशी भांडत असताना हा धावून, घसरत जाऊन धाव काढतो आणि नेमका त्याच मेलेल्या अवस्थेत पडून राहतो, धाव पुरी होते त्या पाटीवर हात ठेवून. हसता हसता सामना त्याच्या नावावर. ताकदीनं डोंगर फोडणारे दहा जण शेजारी उभे, आणि त्यांना हा खेळ येत नाही! जोड लावायची तर अशी.

मी हिंदीत बघितली, आवाज झकास आहेत. सुरुवात करणाऱ्यानं भाग ७० आधी बघावा, मग ९७ पासून. भाग ८९ मधला रोशी मास्तरांचा बाईवेडेपणा घरच्या पोरांसमोर लावू नका. बहिणीनं आत येऊन टीव्ही बंद केला, आणि भाच्याऐवजी बोलणी मला खावी लागली.