पऱ्हाटीपासून इथेनॉल: मार्क्सियानस यीस्ट घ्यावं का?

कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस या यीस्टची ट्यूब मागवली. अगारच्या (यीस्ट वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या) तिरप्या थरावर दुधाळ, लोण्यासारखी वाढ होती. त्यातलं थोडं फ्लास्कमध्ये टाकल्यावर रात्रीतून द्रावण गढूळ झालं, झाकण उघडताच आंबूस-गोड वास आला.

नागपूरच्या मे महिन्यात बेकरीचं यीस्ट मान टाकतं, मार्क्सियानस मात्र ४५ अंशांवरही जोमात असतं. पऱ्हाटीतल्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांतल्या) सेल्युलोजची, म्हणजे तंतुमय भागाची, साखर करणारं सेल्युलेज हे एन्झाइम ५० अंशांच्या आसपास सर्वांत चांगलं चालतं, म्हणून साखर होणं आणि आंबणं एकाच भांड्यात जमतं. आपल्याकडे कापूस वेचून झाला की पऱ्हाटी बांधावरच जाळतात. ते पाहून जीव तुटतो, म्हणून हे यीस्ट मला फार मोलाचं वाटतं.

उणीव आहे ती झायलोज या दुसऱ्या साखरेची. पऱ्हाटीत ही साखर भरपूर, पण हे यीस्ट तिचं इथेनॉल फारसं करत नाही, बरंचसं झायलिटॉलच (एक गोड साखर-अल्कोहोल) होतं. त्यासाठी शेफर्सोमायसिस स्टिपिटिस हे दुसरं यीस्ट सरस, मात्र त्याला ३० अंशांचा गारवा आणि बेताचा ऑक्सिजन लागतो. आम्लात उकळलेल्या पऱ्हाटीच्या भुशात तयार होणारं फरफ्युरल हे विषारी रसायन दोघांनाही सोसत नाही, तेव्हा भुसा नीट धुऊनच घ्या. एसी नसेल तर आधी मार्क्सियानसच मागवा.