वर मजला की परसात खोल्या?

धाकट्याचं लग्न ठरलं आणि सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात हाच प्रश्न उभा राहिला. परसात दोन खोल्या काढणं सोपं. जिना नको, आईच्या गुडघ्यांना त्रास नाही, खर्चही आटोक्यात. पण आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या भिंतीला नवी भिंत थेट चिकटवली की सांध्यात बोट जाईल एवढी चीर पडते, शेजारीच पाहिलीय. मध्ये फट सोडून नव्या खोल्यांचा पाया स्वतंत्र घ्यायला हवा.

वरचा मजला महाग. घर कॉलमचं नसेल, नुसत्या विटांच्या भिंतींवर उभं असेल, तर आधी पाया उकरून इंजिनिअरला दाखवाच. मिस्त्री ‘चालतंय की’ म्हणाला म्हणून स्लॅब ओतू नका. महापालिकेची परवानगी दोन्हींना लागते.

तरीही मी मजल्याच्याच बाजूची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या रात्री गव्हाची पोती आणि घराची कागदपत्रं डोक्यावर घेऊन आम्ही दुसऱ्यांच्या गच्चीवर चढलो होतो. आईची खोली खालीच राहू दे. धान्य, कपाट आणि उद्याच्या बाळंतिणीची खोली मात्र वरच हवी.