मोफत वीज की सौर पंप?

निफाडचा भाचा विचारत होता, "मामा, नव्या विहिरीचं पाणी जुन्या वीजजोडणीवरून फिरवू, की सौर पंप मागू?"

आधी पैसा. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपाचं बिल २०२४पासून सरकार भरतं. सौर पंपाच्या किमतीपैकी सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के भरावे लागतात. म्हणजे आज वीज स्वस्त.

पण टिकेल किती? मोफत विजेची घोषणा विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर झाली, मुदत मार्च २०२९पर्यंत. पुढं काय, ते त्या वेळचं सरकार आणि तिजोरी ठरवणार. विरोधकही सहसा योजना बंद करा म्हणत नाहीत, उलट बोली वाढवतात. त्यामुळं खरा हिशोब सभेत कुणी मांडतच नाही. सौर पंपाचं राजकारण अनुदानापुरतं. एकदा बसला की सूर्याला आचारसंहिता नाही!

वेळेचं म्हणशील तर, शेतीला रात्रपाळीनं येणारी वीज आणि अंधारात बिबट्याची भीती, हे निफाडकराला सांगायला नको. सौर दिवसाच चालतो, पावसाळी ढगांत मात्र ढेपाळतो.

विहीर जवळ, पाइपलाइन थोडी, तर जुनी जोडणी पुरे. विहीर लांब आणि रात्री जायला माणूस नाही, तर सौरच. पात्रता तेवढी आधी तपास.