सोनी ९० एमएम मॅक्रो गोव्याच्या स्वयंपाकघरात: काही महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यातल्या घरगुती रांधपावर, म्हणजे स्वयंपाकावर, आमची डॉक्युमेंटरी चालू आहे, फोंडा आणि डिचोलीकडची जुनी घरं, आणि नागपंचमीच्या आधीपासून सगळे क्लोजअप मी याच लेन्सवर घेतोय. सोनी एफई ९० एमएम एफ २.८ मॅक्रो. २०१५ सालची लेन्स, वजन ६०२ ग्रॅम, स्टॅबिलायझेशन आत आहे.

मॅक्रो म्हणून घ्यायचा विचार असेल तर एक हिशोब आधी करा. १:१ साठी, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटायला, सेन्सरपासून २८ सेंटीमीटरवर यावं लागतं, त्यातून लेन्सची लांबी गेली की पुढची काच आणि कढई यात वीतभरसुद्धा अंतर उरत नाही, वर फोडणीत मोहरी तडतडत असते. "मातसो पयस राव रे" (जरा लांब उभा राहा रे) हे वाक्य मी प्रत्येक घरात ऐकलंय आणि काकी बरोबरच सांगतात. म्हणून माझ्या मते या लेन्सची खरी कमाई लांबून आहे. दारात दीड मीटरवर उभं राहायचं, फ्रेममध्ये फक्त हात आणि आदोळी (नारळ खोवायची विळी), आणि पाचेक मिनिटांत खोवणारी बाई कॅमेरा विसरते. तिचा हात जसा रोज चालतो तसाच चालायला लागतो, आणि डॉक्युमेंटरीला तेच तर हवंय ना!

मॅक्रो जिथे वापरायचा तिथे मात्र तोड नाही. पातोळी (हळदीच्या पानातला तांदळाचा गोड पदार्थ) वाफवून झाली की हळदीचं पान सोलताना तांदळाच्या पांढऱ्या पापुद्र्यावर पानाची एकेक शीर उमटलेली असते, आणि पान सुटत जाईल तशी ती नक्षी उघडत जाते, हा शॉट साध्या लेन्सवर मिळतच नाही. पण एफ २.८ वर, म्हणजे अपर्चर पूर्ण उघडं ठेवून, घेऊ नका. १:१ ला अर्धा मिलिमीटरही फोकसमध्ये राहत नाही, मी अर्ध्या मॅग्निफिकेशनवर अपर्चर लहान करून एफ ८ ठेवतो, तेव्हा कुठे तीनेक मिलिमीटर मिळतात. मग उजेड कमी पडतो, एक छोटा एलईडी बाजूने द्यावाच लागतो.

वाफेत कुठलाही ऑटोफोकस भरकटतो. इथे फोकस रिंग मागे ओढली की थेट मॅन्युअल होतं, मेन्यूत जायला नको, ही सोय मला फार आवडते. वाफ दिसायला उजेड मागून पाहिजे आणि मागची बाजू काळी पाहिजे, चुलीजवळची धुरकटलेली भिंत त्यासाठी एक नंबर, फक्त मागीलदार उघडं राहील असं बघा. हुमणावर (माशाच्या आमटीवर) पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिरता फिल्टर, लावायचा मोह होतो, पण पूर्ण फिरवला तर वरच्या तवंगाची चमक जाते आणि हुमण शिळं दिसायला लागतं, म्हणून अर्धाच फिरवतो.

ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०, स्लो मोशन हवा तर १०० फ्रेम आणि १/१००. आपली वीज ५० हर्ट्झची, १२० फ्रेमवर फ्लिकर येतो, म्हणजे उजेड लुकलुकताना दिसतो, आणि एडिटला तो काढता काढता जीव जातो.

एक मत स्पष्ट सांगतो. एका पदार्थाला मॅक्रोचे दोन-तीन शॉट पुरे. त्याच्या वर गेलं की मसाल्याची जाहिरात वाटायला लागते, आणि तिरफळं ठेचून घालणारी बाई कोण, तिचं घर कुठलं, हे सगळं बाहेर राहतं. वरून घ्यायच्या शॉटला ही लेन्स कामाची नाही, त्याला ३५ एमएम वेगळी ठेवा.

पावसात शूट असेल तर ६२ एमएमचा साधा यूव्ही फिल्टर कायम लावून ठेवा, तेलाचे शिंतोडे फिल्टरवरच पुसता येतात. घरी आल्यावर बॅगेत तशीच ठेवू नका, आपल्याकडच्या दमटपणात काचेला बुरशी धरते. ड्राय बॉक्स घ्या, नाहीतर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, पण जेल वेळच्या वेळी तापवून कोरडी करायला विसरू नका.