पडदा ऑटोमॅटिक करायचं किट: महिनाभर वापरल्यावर

किटमध्ये आर्डुइनो ऊनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), एलडीआर (उजेड ओळखणारा सेन्सर), १० किलोओहमचा रेझिस्टर, २८बीवायजे-४८ स्टेपर मोटर (छोट्या छोट्या ठरावीक स्टेपनी फिरणारी) आणि तिचा यूएलएन२००३ ड्रायव्हर (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटर चालवणारं सर्किट) एवढंच येतं, जोडणी तासाभरात झाली आणि सकाळी उजाडल्यावर पडदा आपोआप सरकताना पाहिला तेव्हा खरंच खूप भारी वाटलं.

पण सोबत दिलेला कोड मात्र कच्चा आहे. त्यात उजेडाची एकच मर्यादा आहे, ५००, म्हणजे एलडीआरचं ० ते १०२३ मधलं रीडिंग त्याच्या वर गेलं की पडदा उघडणार आणि खाली आलं की बंद, त्यामुळे ढग आला की पडदा अर्ध्यात मागे फिरायचा, परत ऊन आलं की पुन्हा उघडायचा, दिवसभर हेच. मी दोन मर्यादा ठेवल्या, ६०० च्या वर उघड आणि ३०० च्या खाली बंद कर, मध्ये काहीच करू नको, आणि तेव्हापासून एकदम शांत आहे. एलडीआर काचेला बाहेरच्या बाजूला तोंड करून चिकटवा हं, नाहीतर रात्री खोलीतला दिवा लावला की त्याला सकाळच वाटते!

मोटर ५ व्होल्टची, ताकद कमी. पातळ पडदा छान ओढते, जाड पडद्याला अडकते आणि स्टेप चुकतात, मग पडदा नक्की कुठे आहे हे कोडला कळतच नाही. दोन्ही टोकांना लिमिट स्विच (पडदा टोकाला पोचला की दाबले जाणारे) द्यायलाच हवे होते, मी वेगळे आणून लावले. शिकायला घेताय तर बिनधास्त घ्या, जाड पडद्यासाठी नको.